रंग कुणाचा?

मराठीतल्या रंगांच्या नावांकडे जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. काळा, पांढरा, तांबडा, पिवळा, हिरवा, निळा अशी मोजकी नावे सोडली, तर उरलेले बहुतेक रंग कुणाचे तरी असतात. डाळिंबी, आमसुली, अंजिरी, बदामी, केशरी, पोपटी, शेवाळी, विटकरी, राखी. शेवटी लागलेला तो ‘ई’ दिसायला लहान, पण तो संबंध दाखवतो. सोलापूरची चादर ती सोलापुरी, कोल्हापूरची वहाण ती कोल्हापुरी, तसा डाळिंबाचा रंग तो डाळिंबी. अबोलीने तर प्रत्ययाचीही वाट न पाहता आपले नावच रंगाला देऊन टाकले. म्हणजे आपल्या भाषेत रंगाचे नाव घेणे हे पुष्कळदा त्याच्या मालकाचे नाव घेणे असते. हे मालक फळे, फुले, पक्षी, विटा आणि चुलीतली राख असे निरुपद्रवी असल्यामुळे त्यांच्या मालकीची आपल्याला कधी अडचण झाली नाही, एवढेच.

ही अडचण आमच्यापुढे आली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांचा हात चालेनासा झाला म्हणून त्याने कॉलेज सोडले आणि घरचे सुतारकाम हाती घेतले. पंधरासोळा वर्षे दुसऱ्यांच्या साइटवर राबून गेल्या वर्षी त्याने पुण्याबाहेर स्वतःचा गाळा घेतला. तिथली कपाटे, खण, हत्यारे मांडायचे रॅक हे सारे त्याला एकाच रंगात रंगवायचे होते आणि तो रंग त्याच्या यंत्रांचा हवा होता. ड्रिल, चकतीची करवत, ट्रिमर, विजेवरचा रंधा अशी त्याची सगळी यंत्रे माकिटा कंपनीची. हिरवा म्हणावा तर निळा आणि निळा म्हणावा तर हिरवा असा त्यांचा रंग. आमच्या पत्नीने ते ड्रिल पाहताक्षणीच “हा तर रामा!” असा निकाल दिला. साड्यांच्या दुकानात या परिसरातल्या रंगांना रामा, मोरपंखी, चिंतामणी, फिरोजी अशी अनेक नावे आहेत हे आम्हाला ठाऊक होते; पण सुताराला त्यांतले एकही नाव मानवले नाही. तो म्हणाला, “साइटवर याला माकिटा कलरच म्हणतात, सर.” रंग जुळवायला त्याने आम्हाला बरोबर नेले, कारण त्याच्या मते एका माणसाच्या डोळ्यावर याबाबतीत भरवसा ठेवता येत नाही.

आम्ही गेलो, पण मनात एक आक्षेप घेऊनच. माणसाने स्वतःच्या पैशांनी उभारलेल्या जागेला एका कंपनीचा रंग का द्यावा? तिच्या जाहिरातीचा फलक फुकटात का व्हावे? हा प्रश्न आम्ही त्याला विचारलाही. त्याने दिलेले उत्तर समजायला या रंगांचा थोडा इतिहास माहीत असावा लागतो, म्हणून आधी तो सांगतो.

विजेवर चालणाऱ्या हत्यारांच्या जगात रंग हे आडनावासारखे वापरले जातात. बॉशची कारागिरांसाठीची यंत्रे निळी आणि घरगुती हौसेसाठीची हिरवी. एकाच घराण्यातल्या या दोन शाखा केवळ रंगाने ओळखायच्या. हिल्टी लाल, मिलवॉकीही लाल, श्टीलची झाडे कापायची यंत्रे नारिंगी. हिताचीची हत्यारे हिरवी असत. २०१८ साली त्यांचे नाव बदलून हायकोकी झाले. नाव गेले, पण हिरवा रंग राहिला. यावरून या व्यवहारात नाव आणि रंग यांपैकी अधिक चिवट कोण, याची कल्पना यावी.

याहून बोलके उदाहरण डिवॉल्टचे. लाकूड कापायच्या करवतयंत्रासाठी अमेरिकेत १९२०च्या दशकात सुरू झालेली ही कंपनी १९६० साली ब्लॅक अँड डेकरने विकत घेतली. पुढे ब्लॅक अँड डेकरच्याच नावावर एक संकट आले. त्यांची कारागिरांसाठीची यंत्रे गडद राखी रंगाची होती आणि चांगली होती. पण तेच नाव घराघरांतल्या इस्त्रीवर आणि स्वयंपाकघरातल्या उपकरणांवरही असल्यामुळे ते यंत्र हातात घेऊन साइटवर जाणे अमेरिकन सुताराला कमीपणाचे वाटू लागले. तेव्हा कंपनीने १९९२ साली डिवॉल्ट हे जुने नाव पुन्हा पुढे आणले आणि यंत्रांना पिवळाजर्द रंग दिला. बांधकामावरची अवजड यंत्रे पिवळी असतात, धोक्याच्या पाट्या पिवळ्या असतात, म्हणून पिवळा हा कामाच्या जागेचा रंग ठरला. या नव्या रूपात ती यंत्रे कारागिरांनी आपलीशी केली. कारागीर यंत्र निवडताना केवळ त्याची ताकद पाहत नाही. ते हातात घेतल्यावर आपण कोण दिसू, हेही तो पाहतो.

स्वतः माकिटा ही कंपनी १९१५ साली जपानातल्या नागोया इथे विजेच्या मोटारींची विक्री-दुरुस्ती करणारे दुकान म्हणून सुरू झाली. १९५८ मध्ये तिने विजेवरचा, हातात धरून चालवायचा रंधा बाजारात आणला आणि तिथून ती हत्यारांकडे वळली. ही माहिती विद्यार्थ्याला आम्ही दिली तेव्हा तो खूश झाला. “म्हणजे तेही रंध्यापासूनच सुरू झाले,” असे म्हणून त्याने कंपनीला जवळजवळ आपल्या जातकुळीत घेऊन टाकले.

रंग एवढा मोलाचा ठरल्यावर त्याच्या मालकीचा वाद न्यायालयात जाणे ओघानेच आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्वालिटेक्स या कंपनीच्या खटल्यात, एकट्या रंगालाही व्यापारचिन्ह म्हणून संरक्षण मिळू शकते असा निर्णय दिला. तो रंग होता कपड्यांना इस्त्री करणाऱ्या यंत्रांवरच्या गाद्यांचा, हिरवट-सोनेरी. आपल्याकडच्या १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याने चिन्हाच्या व्याख्येत रंगांच्या मिलाफाचा समावेश केला आहे. दंतमंजनाच्या डब्यावरच्या लाल-पांढऱ्या रंगसंगतीवरून कोलगेट आणि अँकर यांच्यात वाद झाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली कोलगेटच्या बाजूने मनाईहुकूम दिला. शब्द वाचता न येणारा ग्राहकही डबा रंगांवरून ओळखतो, हे यामागचे वास्तव आपल्यापैकी कुणालाही पटेल.

साहित्याच्या अभ्यासकांना या कायद्यातली एक संज्ञा विशेष रुचेल. रंगाला संरक्षण हवे असेल तर त्याला ‘दुय्यम अर्थ’ प्राप्त झालेला असावा लागतो. रंग पाहिल्याबरोबर ग्राहकाच्या मनात रंगाऐवजी निर्माता उभा राहिला पाहिजे. आपल्या काव्यशास्त्राने याचा विचार फार पूर्वी केला आहे. मुख्यार्थ बाजूला सरून त्याच्याशी निगडित असा दुसरा अर्थ पुढे येतो ती लक्षणा, आणि मम्मटाने तिची दोन कारणे सांगितली, रूढी आणि प्रयोजन. कंपन्यांनी रंगाच्या बाबतीत केले ते एवढेच, की प्रयोजनाने सुरुवात केली आणि जाहिरातीच्या बळावर रूढीपर्यंत पोचल्या. आज साइटवर कुणी “तो निळा घे रे” म्हणाला तर निळा हा शब्द विशेषण उरत नाही, ते यंत्राचे नाव होते.

आता आमच्या आक्षेपाला मिळालेले उत्तर. विद्यार्थी म्हणाला, “सर, बाबांचा हात बघून मजुरी ठरायची. माझी मशीन बघून ठरते.”

हे वाक्य आम्हाला बरेच दिवस पुरले. त्याचे वडील एखाद्या घरी कामाला जात तेव्हा मालक त्यांना एखादी फळी साफ करायला सांगे, रंध्याखालून निघणारी लांबसडक पातळ साल पाही आणि मग बोलणी होत. आज बोलणी करतो तो घराचा मालक नसतो. करतो तो कंत्राटदार किंवा इंटिरिअर डिझायनर. त्याला फळी साफ होईपर्यंत थांबायला वेळ नसतो. तो गाळ्यात येतो, उभ्या उभ्या चारी भिंतींवरून नजर फिरवतो आणि त्या नजरेत जे मावेल त्यावरून दर ठरवतो. त्या नजरेत हात मावत नाही, रंग मावतो. तेव्हा कपाटांना यंत्रांचा रंग देणे ही त्याची हौस नव्हती, तो त्याचा बायोडाटा होता. आमचा आक्षेप यामुळे संपूर्ण निमाला असे नाही. पण तो त्या मुलाकडून काढून आम्हाला दुसरीकडे ठेवावा लागला. ज्या व्यवस्थेत कसब दिसत नाही आणि रंग दिसतो, तिथे रंगाचा आधार घेणाऱ्याला कमी लेखण्याचा अधिकार पुस्तके सांभाळून पेन्शन घेणाऱ्यांना कितपत आहे?

रंगाची दुसरी एक गोष्ट त्याने त्याच दिवशी दाखवली. वडिलांची जुनी हत्यारे त्याने जपून ठेवली आहेत. रंधा, करवत, वाकस, गुण्या, पटाशा. प्रत्येकाच्या मुठीवर तांबड्या ऑइलपेंटचे बोटभर ओघळलेले ठिपके आहेत. एका साइटवर चारपाच सुतार असले की हत्यारे एकमेकांत मिसळतात; ज्याची त्याला ओळखू यावीत म्हणून ही खूण. त्या काळी हत्याराला कारखान्याचा रंग नव्हता. लाकूड लाकडाच्या रंगाचे, पोलाद पोलादाच्या. त्यावर असलेला एकमेव रंग मालकाचा होता. मग आम्ही त्याचे ड्रिल हातात घेऊन उलटे केले, तर बॅटरीच्या खोबणीजवळ तसाच तांबडा ठिपका. आम्ही पाहतच राहिलो. तो सहज म्हणाला, “साइटवर सगळ्यांचीच माकिटा असते, सर. आपली ओळखायची कशी?” कंपनीचा रंग जितका यशस्वी, तितका तो मालकाच्या उपयोगाचा राहत नाही. सगळ्यांचे यंत्र एका रंगाचे झाले की ‘कुणी केले’ याचे उत्तर दुरून मिळते, आणि ‘कुणाचे’ याचे उत्तर द्यायला वडिलांचाच ठिपका पुन्हा लागतो.

आता प्रत्यक्ष रंग जुळवण्याचे काम. रंगाच्या दुकानात आधी शेडकार्ड पुढे आले. त्यातली नावे सागर, पाचू, पहाट अशा जातीची. वाचायला छान, पण त्यांच्यावरून हाती काही लागत नाही. दुकानदार जुना होता. त्याने भारतीय मानक संस्थेचे रंगाचे क्रमांकही सांगितले. आय.एस. ५ या मानकात तयार ऑइलपेंटच्या छटा क्रमांकांनी बांधून दिल्या आहेत. ५३७ म्हणजे सिग्नल रेड, ५३८ पोस्ट ऑफिस रेड, ६३२ डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे. ही यादी ऐकताना आम्हाला गंमत वाटली. इथेही रंग कुणाचे तरीच. सिग्नलचा, टपालखात्याचा, आणि हे शेवटचे तर इंग्रजांच्या आरमाराचे, ब्रिटिश मानकातून जसेच्या तसे आपल्याकडे आलेले. आरमार गेले, त्याचा राखी रंग आपल्या सरकारी निविदांत राहिला. जर्मनीतली राल ही पद्धत १९२७ साली ४० रंगांनी सुरू झाली. तिच्या पंख्यासारख्या कार्डात निळ्यांचे क्रमांक ५ने सुरू होतात. त्यातल्या ५०१८ आणि ५०२१ या दोन छटांच्या मधे कुठेतरी आमचे ड्रिल बसेल असे आम्हा दोघांनाही वाटले. पण मधे कुठेतरी म्हणजे कुठे, हे सांगायला पंख्यात पान नव्हते.

शेवटी दुकानदाराने स्पेक्ट्रोफोटोमीटर काढला. हे मुठीएवढे यंत्र वस्तूवर प्रकाश टाकते आणि दृश्य प्रकाशाच्या कोणत्या लांबीच्या लहरी किती प्रमाणात परत आल्या ते मोजते. त्यावरून संगणक कोणत्या बेसमध्ये कोणते रंग किती मिलिलिटर घालायचे ते सांगतो. यासाठी वस्तूचा सपाट भाग लागतो आणि ड्रिलच्या अंगावर सपाट जागा मोठ्या मुश्किलीने सापडते. शिवाय त्याचे प्लास्टिक बारीक खरबरीत. खरबरीत पृष्ठावरून प्रकाश सगळीकडे उधळतो आणि रंग फिका दिसतो. तोच रंग चकचकीत फळीवर लावला की गडद वाटतो. म्हणून चकचकीत ऑइलपेंट बाजूला ठेवून कमी चमकीचा घ्यावा असे ठरले. डबा यंत्रात घुसळून निघाला, प्लायवूडच्या एका तुकड्यावर लांबी आणि प्रायमर आधीच करून आणलेले होते, त्यावर दोन हात दिले. वाळल्यावर ट्यूबलाइटखाली ड्रिल शेजारी धरले. डोळ्यांना फरक दिसेना. विद्यार्थ्याने मान हलवली आणि दोन्ही वस्तू घेऊन तो दुकानाबाहेर उन्हात गेला. तिथे फळी निळी झाली आणि ड्रिल हिरवे राहिले.

हा दुकानदाराचा दोष नव्हता. रंगशास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. लहरींची दोन अगदी वेगळी मिश्रणे या तिघींना सारखाच निरोप देऊ शकतात आणि मग आपण म्हणतो, रंग एकच आहे. प्रकाश बदलला की निरोप बदलतो आणि एकमत मोडते. प्लास्टिकमधली रंगद्रव्ये वितळलेल्या नायलॉनचे तापमान सोसणारी असावी लागतात. ती त्याच्या अंगातच मुरलेली असतात. रंगाच्या डब्यातली द्रव्ये निराळी, तेलात तरंगणारी, फळीच्या पृष्ठावर पातळ थर होऊन बसणारी. अशा निळ्या-हिरव्या छटांत वापरले जाणारे थॅलोसायनिन हे द्रव्यही असेच योगायोगाने सापडलेले. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात एका भांड्याच्या आतला मुलामा तडकला, रसायनाला लोखंड लागले आणि नको असलेला निळा पदार्थ तयार झाला. त्याच्या अभ्यासातून निघालेले तांब्याचे थॅलोसायनिन १९३५मध्ये बाजारात आले. द्रव्ये निराळी, ती धरून ठेवणारी वस्तू निराळी; असे असताना एका प्रकाशात दोघांचे जुळले यातच समाधान मानायचे. अनुवाद करणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. वर्गाच्या उजेडात मूळ कवितेशी तंतोतंत जुळलेली ओळ घरी नेऊन पाहिली की एखाद्या बाजूने परकी दिसतेच.

मग प्रश्न असा आला की कोणत्या प्रकाशात जुळवायचे? दुकानदार म्हणाला, दोन्हीत अर्धे-अर्धे जमवून देतो. विद्यार्थ्याने विचार केला आणि सांगितले, “गाळ्यात ट्यूबलाइटच आहे. लोक कामं द्यायला येतात ते तिथेच उभे राहतात. तिथे जुळू दे.” या उत्तरात आम्हाला त्याच्या वडिलांचा हात दिसला. सुताराला जगातल्या सगळ्या दारांत बसेल असा दरवाजा करायचा नसतो, समोरच्या चौकटीत बसेल असा करायचा असतो. त्याचा डोळाही त्याच घराण्यातला. नागदेवी स्ट्रीटला किंवा बोहरी आळीत याच छटेच्या आसपास जाणारी, भलत्याच नावांची यंत्रे मिळतात, दहा पावलांवरून तो सांगतो, “हिरवा जास्त पडलाय, ते नाही.” पाठभेद पाहताना अशी नजर आमच्या फार थोड्या विद्यार्थ्यांना लाभली.

त्याने आणखी एक बदल केला. हत्यारे टांगायचा फळा त्याने रंगवलाच नाही, लाकडाचा ठेवला. त्याच रंगाच्या फळ्यावर यंत्र टांगले तर घाईच्या वेळी ते दिसत नाही, असे त्याचे म्हणणे. कपाटे बघणाऱ्यासाठी होती, फळा काम करणाऱ्यासाठी.

डबा घेताना दुकानदाराने संगणकाकडे पाहत विचारले, “पुन्हा लागला तर? कुणाच्या नावावर टाकू?” रंगाचे सूत्र साठवायचे तर त्याला नाव द्यावे लागते. कंपनीचे नाव तो लिहायला धजत नव्हता आणि ‘रामा’ नावाची छटा त्याच्या यादीत आधीच होती. विद्यार्थ्याने वडिलांचे नाव सांगितले. दुकानदाराने ते टाइप केले, झाकणावर रंगाचा एक ठिपका लावला, चिठ्ठी चिकटवली आणि पैसे घेतले.

खंडेनवमीच्या आत कपाटे रंगवून झाली. त्या दिवशी फळ्यासमोर पाट मांडून सगळी हत्यारे ठेवली होती, माकिटाची यंत्रे आणि त्यांच्या शेजारी वडिलांचा रंधा. सगळ्यांना सारखेच हळदकुंकू लागले, झेंडूची फुले वाहिली गेली. वडील खुर्चीवर बसून होते. कपाटांकडे बघून त्यांनी काही मत दिले नाही. रंध्याच्या पात्याला धार आहे का एवढे डाव्या अंगठ्याने तपासून पाहिले.

त्यानंतर त्या दुकानावरून जाणे झाले तेव्हा दुकानदाराने आपणहून सांगितले, तो रंग आणखी दोघा सुतारांनी नेला. त्यांनी येऊन माकिटा कलर मागितला. त्यांच्या डब्यांवर जी चिठ्ठी लागली, तिच्यावर मात्र एका म्हाताऱ्या सुताराचे नाव होते.